कॅम्पर आणि रोजची गाडी: एकाच पिकअपच्या शोधातल्या नोंदी

५ जानेवारी २०२५, फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो

आई-बाबा जूनमध्ये पुण्याहून येतायत, सहा महिन्यांसाठी. बाबांचे गुडघे आता जमिनीवर झोपू देत नाहीत, म्हणजे तंबूतला मुक्काम त्यांच्यासाठी संपला. पण रॉकी पर्वताच्या पायथ्याशी राहून त्यांना फक्त मॉल दाखवायचे, हे मला पटत नाही. म्हणून या वर्षी पिकअपच्या हौद्यात बसणारा कॅम्पर, म्हणजे उतरवून ठेवता येणारी छोटी खोली, घ्यायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलं. आई-बाबा आणि लेक आत झोपतील, मी आणि नवरा बाहेर तंबूत.

माझी जुनी सेदान विकायचीच होती. त्यामुळे जी पिकअप येईल तीच माझी ऑफिसची, किराण्याची, लेकीच्या पोहण्याच्या क्लासची गाडी होणार. दोन वेगळ्या गाड्या घेण्याइतके पैसे नाहीत आणि जागाही नाही. आमच्या वसाहतीच्या नियमांत कॅम्पर दारासमोर ठेवायला मनाई आहे, तो भाड्याच्या आवारात राहील. तो तिथे उतरवून ठेवायचा, निघताना चढवायचा, मधल्या दिवसांत पिकअप रिकामी चालवायची.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पुलांवरचा भार मोजणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ही वही त्याच पद्धतीने लिहिणार आहे: आधी भार, मग त्याला पेलणारी गाडी.

१८ जानेवारी

अमेरिकेत पिकअपला अर्धा टन, पाऊण टन, एक टन म्हणायची रीत आहे. फोर्डची एफ-१५० अर्धा टन, एफ-२५० पाऊण टन, एफ-३५० एक टन. शेवरोले आणि रॅममध्ये १५००, २५००, ३५००. ही नावं फार जुनी आहेत आणि आजच्या गाड्यांच्या क्षमतेशी त्यांचा संबंध उरलेला नाही. 'एक टन' गाडी आज सहज दोन टन वाहते. त्यामुळे नावावरून काहीही ठरवायचं नाही.

ठरवायचं ते ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर खांबावर दिसणाऱ्या लेबलांवरून. एक लेबल पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं असतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांपेक्षा जास्त कधीही होता कामा नये. हा त्या एका गाडीचा आकडा असतो, कारखान्यातून ती जशी बाहेर पडली तसा. शेजारच्या लेबलवर गाडीचं भरलेलं कमाल वजन असतं, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलची (चाकं जोडणाऱ्या दांड्याची) वेगवेगळी मर्यादा.

जाहिरातीत 'सर्वाधिक पेलोड' (गाडीवर घालता येणारं ओझं) म्हणून जो आकडा झळकतो तो एका विशिष्ट गाडीचा असतो. २०२१च्या एफ-१५०चा ३,३२५ पौंडांचा आकडा खरा आहे, पण तो ठरावीक इंजिन, ठरावीक केबिन आणि जड भाराचं पॅकेज घेतलेल्या गाडीचा. दुकानात उभ्या असलेल्या चार दारांच्या, चामड्याच्या सीटांच्या एफ-१५०वर तो दिसत नाही.

आणि या आकड्यात ड्रायव्हरसुद्धा धरलेला असतो. हे इथल्या अनेकांना ठाऊक नसतं. माणसं म्हणजे सगळी माणसं.

आमचा हिशेब, पौंडांत (२.२ पौंड म्हणजे एक किलो). मी १३५, नवरा १७०, लेक ६०, आई १२५, बाबा १५०. एकूण ६४०. कॅम्पर अजून घ्यायचा आहे, पण छोटा, कडक भिंतींचा, आत संडास असलेला म्हटलं तर कोरडं वजन दोन हजारांच्या आसपास जाईल असं दिसतं. पाणी गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरली की २५० पौंड झाले. गॅसच्या दोन छोट्या टाक्यांमधला गॅस ४०. बॅटऱ्या ६०. भांडी, अंथरुणं, धान्य, कपडे, खुर्च्या मिळून ३५०. बांधणीचं लोखंड आणि खालची रबरी चटई १००.

सगळं मिळून ३,४०० पौंडांच्या वर. साधारण दीड टन.

१ फेब्रुवारी

शनिवार गाड्यांच्या दुकानांत गेला. लव्हलँडपासून ग्रीलीपर्यंत नुसती दारं उघडून लेबलांचे फोटो काढले. विक्रेते आधी इंजिनाबद्दल बोलायला लागतात, मग डॅशबोर्डवरच्या स्क्रीनबद्दल, मग गरम होणाऱ्या सीटांबद्दल. मी म्हणायची, दार उघडा.

टोयोटाची टॅकोमा: १,१२०. मला गाडी म्हणून फार आवडते. कॅनव्हासच्या भिंतींचा हलका कॅम्पर आणि दोन माणसं असती तर विचार केला असता. आमच्या पाच जणांनीच यातले निम्म्याहून जास्त पौंड खाल्ले असते.

चार दारांची एफ-१५०: १,६९० आणि १,७५०. हव्या त्या आकड्याच्या बरोबर निम्मं.

रॅम २५०० डिझेल: २,१४०. हे बघून नवरा चकित झाला, कारण गाडी रणगाड्यासारखी दिसत होती. कारणं दोन. डिझेल इंजिन स्वतःच जड असतं. आणि २०१४पासून रॅम २५००ला मागे पाट्यांऐवजी (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगऐवजी) कॉइल स्प्रिंग आहेत. चालवायला गाडी मऊ लागते, पण हौद्यातल्या जड ओझ्यासाठी ती मुख्यतः बनवलेली नाही. रॅम ३५००ला अजून पाटे आहेत.

एफ-२५० डिझेल, वरच्या दर्जाची, काचेचं छप्पर वगैरे: २,३८०. शेजारीच एफ-२५० पेट्रोल, साधी: ३,२७०. एकच सांगाडा, एकच नाव, आणि जवळजवळ नऊशे पौंडांचा फरक. याचं स्पष्टीकरण सोपं आहे. बहुतेक एफ-२५०चं भरलेलं कमाल वजन १०,००० पौंडांवर बांधलेलं असतं, कारण तिथेच सरकारी वर्गवारीचा एक वर्ग संपून पुढचा सुरू होतो. वरची मर्यादा पक्की असली की गाडीत घातलेली प्रत्येक चैनीची वस्तू थेट सामानाच्या आकड्यातून वजा होते. काचेचं छप्पर, विजेवर सरकणाऱ्या सीटा, मोठी चाकं, डिझेल, सगळंच.

शेवरोले २५००, ६.६ लिटर पेट्रोल: ३,४६०. कागदावर आम्ही यात बसतो, वीस-एक पौंड शिल्लक ठेवून. आईच्या एका बॅगेला वीस पौंड पुरत नाहीत.

एका दुकानात विक्रेता म्हणाला, अर्धा टन घ्या, मागे एअरबॅग बसवून देतो, भार उचलेल. हे मी अनेकांकडून ऐकलं आहे, म्हणून नीट लिहून ठेवते. मागच्या स्प्रिंगच्या जोडीला हवेच्या पिशव्या बसवल्या की खाली बसलेली गाडी सपाट होते, हेडलाइट आभाळाकडे बघत नाहीत. पण ब्रेक तेवढेच राहतात, चाकांची बेअरिंगं तीच राहतात, अ‍ॅक्सलची नळी, रिम, टायर सगळं तेच. दारावरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही. वाकलेल्या तुळईला खालून रंग दिला तर ती सरळ दिसेल, सरळ होणार नाही.

९ फेब्रुवारी

बाद झालेले पर्याय. व्हॅन: पाच जणांच्या सीटा ठेवल्या तर झोपायला जागा उरत नाही, आणि घर कायम पाठीवर घेऊन ऑफिसला जावं लागतं. मागे ओढायचा ट्रेलर: आम्हाला जंगलखात्याच्या अरुंद कच्च्या रस्त्यांवर जायचंय, तिथे ट्रेलर उलटा घेण्याची माझी तयारी नाही. मागे चार चाकांची, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडचाकांची एक टन: जड कॅम्परसाठी तीच योग्य, पण मागचा भाग आठ फूट रुंद. रोजच्या वापरात ती गाडी शहराशी भांडत राहील.

१५ फेब्रुवारी

कॅम्पर घेतला. लाँगमाँटजवळच्या एका निवृत्त जोडप्याकडून, अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचा, बाजूला सरकणाऱ्या खोल्या नसलेला. त्या बाईंनी प्रत्येक वर्षीच्या देखभालीची वही ठेवली होती.

जुन्या कॅम्परमध्ये पाण्याइतका दुसरा शत्रू नाही. मी छपरावर चढून प्रत्येक जोडावरचा सीलंट पाहिला, आतून कोपरे अंगठ्याने दाबले, झोपायच्या भागाचा पुढचा तळ दाबून बघितला, कारण गळती आधी तिथे दिसते. ओलावा मोजायचं यंत्र सगळीकडे लावलं. कोरडा निघाला.

आत लावलेल्या लेबलवर कोरडं वजन १,९८० पौंड. बाहेरच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण आहे. ही खूण अतिशय महत्त्वाची. कॅम्पर हौद्यात पूर्ण पुढे सरकवल्यावर ती मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढेच यायला हवी. मागे गेली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग उडायला लागतं. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांप्रमाणे कॅम्पर वाहण्याजोग्या पिकअपसोबत कंपनीला गुरुत्वमध्य कुठे चालेल याची माहिती द्यावी लागते. गाडीच्या कागदांत आकृतीसह ती मिळते. आमच्या कॅम्परला साडेसहा फुटांच्या पुढचा हौदा लागतो, म्हणजे साडेपाच फुटी हौद्याच्या सगळ्या गाड्या आपोआप गेल्या.

२३ फेब्रुवारी

पेट्रोल की डिझेल. या विषयावर इथे लोक घरातल्या भावकीसारखे वाद घालतात. माझ्यापुरता निकाल आज लागला, पण सोपा नव्हता.

डिझेलच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा म्हणजे उंची. फोर्ट कॉलिन्स ५,००० फुटांवर आहे. आम्ही जाणार ती कॅमरन खिंड १०,२७६ फुटांवर. टर्बो (जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते, कारण हवाच विरळ. फोर्डचं ७.३ लिटरचं पेट्रोल व्ही-८ इंजिन समुद्रसपाटीला ४३० अश्वशक्ती देतं. खिंडीच्या माथ्यावर ते तीनशेच्या आसपास उरेल. टर्बो डिझेलला हा त्रास फारसा होत नाही. शिवाय उतारावर डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी हळू करणारा) मोठा आधार असतो.

विरुद्ध बाजूला माझं रोजचं आयुष्य. ऑफिस जवळ आहे, शाळा त्याहून जवळ, आणि हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो. आधुनिक डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करतो तो खूप तापल्यावर, काजळी जाळून; त्यासाठी सलग लांब, गरम चालणं लागतं. दहा-दहा मिनिटांच्या थंड फेऱ्यांत ते होत नाही आणि फिल्टर चोंदतो. वर युरियाचं द्रावण भरत राहायचं, महागडं फिल्टर बदलायचं, आणि गाडीची किंमत आधीच हजारो डॉलर जास्त. आणि डिझेल घेतलं की पेलोड खाली, हे तर दाराच्या लेबलांनीच दाखवलं.

वर्षातले थोडे आठवडे कॅम्पर, बाकी सगळे दिवस गावात. पेट्रोल.

रात्री बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. बाबा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत आयुष्यभर काम करून निवृत्त झाले. त्यांनी इंजिनाचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागचे पाटे किती आहेत? यू-बोल्ट किती जाडीचे? ते सांग आधी." मी म्हटलं, "बाबा, फोटो पाठवते." "पाठव. आणि टायरवरचा भार-क्रमांक पण पाठव. गाडी टायरवर उभी असते बाळा, इंजिनावर नाही."

२ मार्च

टायरचा प्रश्न बाबांनी काढला म्हणून वाचत बसले. अर्ध्या टनाच्या पुष्कळ पिकअपना मोटारीचेच टायर असतात. जड पिकअपना एलटी (लाइट ट्रक) प्रकारचे, 'ई' भारश्रेणीचे. १८ इंची रिमवरच्या एलटी २७५/७० टायरचा भार-क्रमांक १२५, म्हणजे ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवेला एक टायर ३,६४० पौंड उचलतो. दोन मागचे मिळून ७,२८०. अ‍ॅक्सलची मर्यादा ठरवताना या आकड्याचाही विचार असतो, म्हणून सुंदर दिसणाऱ्या दुसऱ्या रिम-टायरांचा मोह असेल तर त्यांच्या भिंतीवरचा आकडा आधी वाचावा.

८ मार्च

एफ-३५०, मागे एकेरी चाकं, ७.३ पेट्रोल, चार दारं, पावणेसात फुटी हौदा, मधल्या दर्जाची. वापरलेली, २०२०ची. दारावर ४,२४० पौंड. कमाल भरलेलं वजन ११,१००, मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ७,२३०. त्यावर कारखान्यातूनच कॅम्परचं पॅकेज आहे: जास्तीचे पाटे आणि मागे अँटी-रोल बार (गाडीचं डोलणं कमी करणारी दांडी).

एफ-२५०शी तुलना केली तर गाडी बहुतांशी तीच. लांबी-रुंदी तीच, बसायला तीच, पेट्रोल तेवढंच पिते. मागचे पाटे वेगळे आणि कागदावरची मर्यादा वर. खाजगी वापराला कोलोरॅडोत वेगळा परवानाही लागत नाही. व्यावसायिक परवान्याची हद्द २६,००१ पौंडांना सुरू होते. मला तर कॅम्परसाठी एफ-२५० का घ्यावी याचं कारण सापडलं नाही.

चाचणीला नेली तेव्हा मी मुद्दाम महामार्ग टाळला. ऑफिसचं पार्किंग, किराण्याचं दुकान, शाळेची मुलं सोडायची रांग, एवढंच केलं. लांबी २५० इंच, म्हणजे वीस फूट दहा इंच. इथली पार्किंगची जागा साधारण अठरा फूट खोल असते. नाक तरी बाहेर राहतं किंवा शेपूट. दुकानाच्या दूरच्या कोपऱ्यात, कडेला गवत असेल तिथे उलटी लावायची, म्हणजे मागचा भाग गवतावर तरंगतो. आरसे उघडले की रुंदी जवळजवळ नऊ फूट. शाळेच्या रांगेत मिटून घ्यावे लागतात.

आठ फुटी हौदा मिळत होता, कॅम्परला तो अधिक सोयीचा. पण गाडी बावीस फुटांवर जाते आणि वळण आणखी मोठं होतं. मागे अर्धी दारं असलेली छोटी केबिन घेऊन लांबी वाचवता आली असती, पण त्या मागच्या सीटवर बाबांचे गुडघे मुडपून चार तास बसवायचे? नाही.

घरच्या गॅरेजचं दार सात फूट उंच, गाडी पावणेसात-एक फूट, पण आतली खोली वीसच फूट. बाहेरच उभी राहील. गारांचा पाऊस इथे वाईट असतो, विमा त्याप्रमाणे घ्यायचा.

२९ आणि ३० मार्च

आईचा आग्रह होता की गाडी पाडव्याला घ्यायची. पाडवा यंदा रविवारी, आणि कोलोरॅडोत रविवारी मोटारींची विक्री कायद्यानेच बंद असते. सगळी दुकानं कुलपात. तडजोड अशी झाली: शनिवारी सह्या आणि किल्ल्या, रविवारी गुढी उभारून पूजा. आईने व्हिडिओवर सगळं करून घेतलं. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, नारळ. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते, त्यांनाही प्रसादाचा श्रीखंडाचा वाडगा दिला.

१२ एप्रिल

आय-२५ महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाट्यावर नेली. इथे मोठ्या ट्रकसाठी तीन भागांचा काटा असतो. पुढची चाकं एका फळीवर, मागची दुसरीवर, आणि छापील पावती मिळते. थोड्या डॉलरांत एवढी खात्रीची माहिती दुसरीकडे मिळत नाही. टाकी भरलेली, आत फक्त मी: पुढे ४,१४०, मागे २,८२५, एकूण ६,९६५.

हे रिकामं वजन आत्ताच घेणं गरजेचं होतं. नंतर कॅम्पर चढवल्यावर त्याचं खरं वजन यातूनच कळणार.

२६ एप्रिल

बांधणी. कॅम्पर चार कोपऱ्यांना साखळी-टर्नबकलने (फिरवून ताणता येणाऱ्या स्क्रूने) ओढून धरायचा असतो. त्याचे हुक हौद्याच्या पत्र्याला लावायचे की खालच्या सांगाड्याला, हा प्रश्न. २०१७पासून या गाडीचा हौदा अॅल्युमिनियमचा आहे. आडव्या वाऱ्यात कॅम्पर डोलतो तेव्हा सगळी ओढ त्या हुकांवर येते, आणि ती ओढ मला अॅल्युमिनियमच्या पातळ कडांवर नको होती. सांगाड्याला बोल्टने बसणारे हुक घेतले. महाग पडले, आणि बसवायला दोघांना दिवस लागला.

हौद्यात जाड रबरी चटई, कारण गुळगुळीत तळावर कॅम्पर सरकतो. चटईवर दोन इंची दाट फोमचे तक्ते. ते का, तर या नव्या गाड्यांचं केबिन आणि हौद्याच्या भिंती इतक्या उंच आहेत की जुना कॅम्पर तसाच ठेवला तर त्याचा पुढचा पलंग केबिनच्या छपराला टेकतो. मागचं फळकूट काढून ठेवलं. त्याने शंभरेक पौंड परत मिळाले आणि ते असताना कॅम्पर बसतही नाही.

३ मे

पहिल्यांदा चढवला. कॅम्पर आपल्या चार पायांवर उंच उभा, आणि मी गाडी उलटी घेत त्याच्या पोटाखाली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा. नवरा मागे उभा राहून "डावीकडे, अजून, थांब" करत होता. गाडीचा मागचा कॅमेरा फळकुटाबरोबर गेला, त्यामुळे हौद्याच्या मध्यावर पांढरी पट्टी चिकटवली आणि कॅम्परच्या मध्यावर तशीच दुसरी. आरशातून दोन्ही जुळवल्या की काम होतं.

गुरुत्वमध्याची खूण अ‍ॅक्सलच्या मध्याच्या सहा इंच पुढे आली. ही एक गोष्ट बघून मी खरोखर निश्चिंत झाले.

उंची मोजली: दहा फूट आठ इंच. ड्रायव्हरसमोरच्या ऊन अडवणाऱ्या झडपेवर मराठीत मोठ्या अक्षरांत चिकटवली आहे. गाडीतून न उतरता जेवण घेण्याच्या खिडक्यांची छपरं आणि पेट्रोल पंपाच्या जुन्या शेड यांच्यासाठी.

१४ जून

आई-बाबा आले. बाबांनी बॅगा उघडायच्या आधी गाडीखाली वाकून पाटे मोजले. गुडघ्यांमुळे बसता येईना, तर लेकीला बॅटरी देऊन आत पाठवलं आणि बाहेरून विचारत राहिले. "जाड पाटा सगळ्यात खाली आहे ना? तो भार पडल्यावर टेकतो. बरोबर आहे."

एक अडचण समोर आली, तिच्यावर आज दिवसभर काम केलं. चार चाकांना जोर असलेली गाडी उंच, त्यावर कॅम्परचा तळ आणखी उंच. आत जायची दारातली पायरी बाबांच्या कमरेपर्यंत येते. मूळची लोखंडी घडीची शिडी अरुंद आणि उभी होती. ती काढून रुंद पायऱ्यांची, जमिनीवर टेकणारी घडीची शिडी लावली, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना कठडे. कठडे आतल्या अॅल्युमिनियमच्या चौकटीला धरून बसवले आहेत, नुसत्या पत्र्याला नाही. वय झालेल्या माणसांसाठी कॅम्पर घेणाऱ्यांनी पलंग आणि स्वयंपाकघराच्या आधी ही शिडी चढून बघावी.

२० जून

पूर्ण भरून, पाचही जण बसून, पाण्याची टाकी काठोकाठ, पुन्हा काट्यावर. पुढे ४,४३०, मागे ६,०५०. एकूण १०,४८०.

मर्यादा ११,१००, सहाशे वीस पौंड शिल्लक. मागच्या अ‍ॅक्सलला जवळजवळ बाराशे शिल्लक. आणि पुढची चाकं हलकी झाली नाहीत, उलट २९० पौंड वाढले. गुरुत्वमध्य पुढे असल्याचा हा पुरावा.

कागदावर भरलेलं वजन साधारण १०,१५० निघत होतं. म्हणजे तीनशेहून जास्त पौंड कुठून तरी आले. शोधले: आधीच्या मालकांनी लावलेलं मोठं छत, त्याचं वजन लेबलमध्ये नव्हतं. आणि आईचं स्वयंपाकघर. दोन कुकर, दगडी खलबत्ता, तांदळाची अख्खी गोण, पुण्याहून आणलेली लोणची. खलबत्ता घरी ठेवायला आई तयार नाही, आणि मीही आग्रह केला नाही; त्याच्यासाठीच तर ते सहाशे पौंड आहेत. हीच सगळी माणसं आणि हेच सामान दहा हजारांच्या मर्यादेच्या एफ-२५०त असतं तर आम्ही जवळजवळ पाचशे पौंडांनी जास्त भरलेले असतो, आणि गाडी चालवताना ते जाणवलंही नसतं. म्हणून काटा.

२१ ते २४ जून, नॉर्थ पार्क

पूड्र नदीच्या दरीतून हायवे १४ने वर. चढाला इंजिन चार-साडेचार हजार फेऱ्यांवर ओरडत होतं, वेग ताशी पंचेचाळीस मैलांच्या आसपास. मागे गाड्या साचल्या की बाजूच्या जागेत घेऊन त्यांना पुढे सोडायचं. माथ्यावर तापमानाचा काटा जागच्या जागी. उतारावर टो-हॉल मोड लावला की गिअर आपणहून खाली येतात आणि इंजिन गाडी धरून ठेवतं. ब्रेकला हात लावायची, खरं तर पाय लावायची, वेळ फक्त वळणांना आली.

वॉल्डनजवळच्या स्टेट फॉरेस्ट स्टेट पार्कात मुक्काम. या भागात १९७८मध्ये मूस (हरणाची एक थोराड जात) आणून सोडले होते; आज ते इथे स्थिरावले आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांना कॅम्परच्या खिडकीतूनच ओल्या कुरणात मूसची मादी आणि पिल्लू दिसलं. शिडी उतरून खाली यायचीही गरज पडली नाही. रात्री पारा शून्याजवळ गेला, आत हीटर चालू होता. तंबूत आम्ही दोघं गोठलो, पण त्या खिडकीपाशी बसलेल्या बाबांचा चेहरा बघून मला सगळ्या हिशेबाचं सार्थक वाटलं.

परतताना लॅरमीमार्गे आलो, २८७ रस्त्याने. वायोमिंगच्या हद्दीवर आडवा वारा जोराचा. कॅम्पर वाऱ्याला पूर्ण अंग देतो, गाडी लेनमध्ये अर्धा फूट ढकलली जाते. अँटी-रोल बार आणि ताणलेले टर्नबकल यांची किंमत अशा वेळी कळते. वेग पंचावन्नवर आणला, मग ठीक. टर्नबकल पहिल्या पन्नास मैलांनंतर पुन्हा तपासायचे, ते थोडे सैल पडतातच.

१९ जुलै

कॅम्पर आवारात, गाडी गावात. रोजच्या वापराबद्दल स्पष्ट लिहिते.

रिकामी असताना मागचा भाग कडक आहे. रस्त्यातल्या प्रत्येक जोडावर सीटला धक्का पोचतो. लेक मागे बसून गाणं म्हणते तेव्हा सूर हलतो. मागच्या टायरांतली हवा भाराच्या तक्त्याप्रमाणे कमी केली की बराच फरक पडतो. निघायच्या आधी ती पुन्हा पूर्ण भरायची, आणि त्यासाठी छोटा कंप्रेसर सीटखाली कायमचा ठेवला आहे.

पेट्रोल. इतक्या जड पिकअपवर सरकारी मायलेजचं लेबल लावावं लागत नाही, त्यामुळे विकत घेताना आकडा मिळतच नाही. आमचा असा: गावात गॅलनला तेरा-चौदा मैल, कॅम्परसह दहा. म्हणजे लिटरला साडेपाच-सहा आणि सव्वाचार किलोमीटर. हे जास्त आहे आणि ते मला खुपतं. ऑफिस घरून करता येतं त्या दिवशी मी गाडी काढतच नाही, आणि जवळची किराणा-फेरी आता सायकलवर असते. ज्यांचा रोजचा प्रवास तासाभराचा आहे त्यांना मी हे एकगाडीचं गणित सुचवणार नाही; त्यांनी कॅम्पर हलका घ्यावा, माणसं कमी असतील तर जड भाराच्या पॅकेजची एफ-१५० शोधावी. पण दारावरचा आकडा वाचून.

ऑगस्टमध्ये आठवड्याभरासाठी ग्रेट सँड ड्यून्स (वाळूच्या टेकड्यांचं राष्ट्रीय उद्यान). त्याआधी पाण्याच्या पंपाचा गळका जोड बदलायचा, मागच्या डाव्या टर्नबकलचा नट नवा टाकायचा, टायर पुढचे-मागे करायचे. बाबांनी यादीत चौथं काम स्वतःच्या हाताने लिहिलंय: यू-बोल्ट पुन्हा टॉर्कने आवळणे. टॉर्क रेंच मी शुक्रवारी आणतेय.